घोडे काय खातात, असं विचारणारं ऑफिस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मी टोमॅटोचं एक झाड मुळासकट उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी गाडीत पुढच्या सीटवर ठेवली आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या जिल्ह्याच्या, शेतीसल्ल्याच्या ऑफिसात गेले. नवरा म्हणाला, "मेलेलं झाड घेऊन कुठे निघालीस? दुसरं आण." पण झाड मेलेलं नव्हतं, हाच तर घोळ होता. उंची चांगली, खालची पानं हिरवीगार, आणि शेंड्याकडची सगळी पानं नेच्यासारखी वळून बारीक झालेली, दोरीला पीळ द्यावा तशी. आमच्याकडे मिरचीचं असं झालं की बोकड्या आला म्हणतात. मी मनाशी ठरवूनच गेले होते की हा व्हायरस आहे, पांढऱ्या माशीने आणलाय, आता फक्त औषधाचं नाव लिहून घ्यायचं.

टेबलापलीकडच्या मुलीने (मुलगीच म्हणते, माझ्या लेकीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल) झाड बाहेर काढलं, वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं, पान उलटून भिंगातून पाहिलं. रोगाचं नाव काही घेईना.

"त्याच वाफ्यात आणखी काय आहे?"

"घेवडा. त्याचीही पानं वाटीसारखी झालीत."

"आणि चांगलं काय आहे?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. जरा विचार करून म्हटलं, "मका. मका मस्त आहे."

"या वर्षी वाफ्यात नवीन काय घातलंत?"

"घोड्याची लीद. चार ढकलगाड्या. फुकट मिळाली."

"ते घोडे काय खातात?"

मला हसू आलं. घोडे गवत खातात, दुसरं काय खाणार! पण ती हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि मला बसायला सांगितलं. डॉक्टरने बसायला सांगितलं की पोटात जसा गोळा येतो, तसा आला.

ती म्हणाली ते असं. चाऱ्याच्या कुरणांवर रुंद पानांचं तण मारायला जी तणनाशकं फवारतात, त्यांतल्या काहींमध्ये अमिनोपायरॅलिड नावाचं द्रव्य असतं. ते गवताला काही करत नाही. ते गवत वाळवून जनावरांना घातलं की द्रव्य पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लिदीत जिवंत राहतं, तेही काही महिने, कधी वर्षाच्या वर. खत कुजवलं तरी लवकर जात नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांना त्याचा अंशही पुरतो. मका गवताच्याच कुळातला, म्हणून त्याला ढिम्म फरक पडत नाही. माझा मका मस्त होता तो माझ्या हाताच्या गुणाने नव्हे.

"मग औषध?"

"नाही."

एवढंच. दोन अक्षरं. मी एक बाटली विकत घ्यायच्या तयारीने गेले होते आणि बाटलीच नव्हती.

आता हे ऑफिस कसलं ते सांगते, कारण इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही ते माहीत नसतं. मलाही अकरा वर्षं माहीत नव्हतं. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, राले या राजधानीपासून गाडीने तासाभराच्या आत. राज्यात १०० काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीत राज्याच्या विद्यापीठाची एक शाखा आहे. तिथे वर्ग भरत नाहीत, पदवी मिळत नाही. विद्यापीठात शेतीबद्दल जे कळतं ते शेतकऱ्यापर्यंत आणि माझ्यासारख्या परसबागवालीपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. आपल्याकडे याला कृषी विस्तार म्हणतात, इथे एक्स्टेन्शन. पूर्ण नाव को-ऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन. मी सांगली जिल्ह्यातली. को-ऑपरेटिव्ह म्हटलं की डोळ्यापुढे साखर कारखाना, चेअरमन आणि वार्षिक सभेतला गोंधळ येतो. त्यात तिथल्या माणसाला म्हणतात एजंट! काउंटी एजंट तुमच्या घरी येईल असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विम्याला नाही म्हणायच्या तयारीत होते.

इथलं 'सहकारी' म्हणजे खर्च तिघांनी मिळून करायचा: केंद्र सरकार, राज्य आणि काउंटी. त्याचा कायदा १९१४ सालचा, स्मिथ-लीव्हर नावाचा. त्याच्याही आधी, १८६२ साली, राज्यांना जमिनी देऊन त्या विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायला लावणारा मॉरिल कायदा झाला होता. पुढे १८९०च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यातून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थांनाही अशा सरकारी मदतीच्या कॉलेजांचा दर्जा मिळू लागला. म्हणून या राज्यात हे काम दोन विद्यापीठं मिळून करतात: रालेची नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि ग्रीन्सबरोची नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी. आपल्या कृषी विद्यापीठांचा साचाही इथलाच बरं का. १९६०मध्ये पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ निघालं ते इलिनॉय विद्यापीठाची मदत घेऊन, आणि आपलं राहुरी १९६८चं. म्हणजे मी जे ऑफिस 'अमेरिकेतलं काहीतरी' म्हणून बघत होते, ते नात्याने आमच्या गावाकडच्या शिवार फेरीचं थोरलं भावंड निघालं.

तर पुन्हा लीद. उपाय नाही म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण तिने मला एक उद्योग दिला. घेवड्याची परीक्षा. तीन कुंड्यांत संशयित लीद आणि विकतची कुंडीमाती मिसळून भरायची, दुसऱ्या तीन कुंड्यांत नुसती कुंडीमाती. प्रत्येकीत तीन-चार घेवड्याचे दाणे. खालच्या ताटल्या वेगवेगळ्या ठेवायच्या, एकीचं पाणी दुसरीत जाता कामा नये. दोन-तीन आठवडे थांबायचं आणि नवीन पानं बघायची.

मी हिशेबनीस आहे, मला असलं काही करायला आवडतं. कुंड्यांवर मार्करने 'ली १, ली २, ली ३' आणि 'मा १, मा २, मा ३' लिहिलं. सहाव्या दिवशी सगळ्या उगवल्या. पहिली जोडपानं दोन्हीकडे जवळपास सारखी. मला वाटलं, बाई चुकली. मग तिपानं फुटायला लागली. 'मा'ची पानं तळहातासारखी सपाट उघडली. 'ली'ची उघडलीच नाहीत. कडा वर वळून पानांचे अक्षरशः द्रोण झाले, शिरा एकमेकींजवळ सरकल्या, शेंडा मान मोडल्यासारखा खाली. सतराव्या दिवशी मी सहाही कुंड्या कट्ट्यावर ओळीने मांडून फोटो काढला. प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागलाच नाही. खर्च झाला कुंडीमातीच्या एका पोत्याचा आणि मूठभर घेवड्याचा.

त्यानंतर काय करायचं तेही तिने सांगितलं होतं. ती झाडं कंपोस्टात टाकायची नाहीत, नाहीतर विष फिरून पुन्हा माझ्याच वाफ्यात. जमीन वरचेवर उकरायची, पाणी द्यायचं, मातीतल्या जिवाणूंना काम करू द्यायचं. तिथे तोवर फक्त मका किंवा गवत. आणि टोमॅटो लावायच्या आधी दर वेळी घेवड्याची परीक्षा. ज्यांच्याकडून लीद आणली त्या तबेलेवाल्यांना मी नंतर विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते वाळलं गवत बाहेरून विकत घेत होते. मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडून काय करणार, लीद फुकटच आणली होती.

माझे वडील, अण्णा, द्राक्षबागायतदार. तासगाव भागात जन्म गेला. भुरी आणि डाऊनी ही द्राक्षावरच्या रोगांची दोन नावं मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. अण्णा म्हणायचे, पान घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलं की रोग एक आणि बाटल्या तीन. दुकानदार वाईट नसे, उधारीवर देई, लग्नकार्याला येई. पण त्याच्या फळीवर जे आहे तेच त्याच्या तोंडी येणार. इथल्या मोठ्या दुकानांच्या बागविभागातही तेच आहे, फक्त उधारी नाही. एक्स्टेन्शनच्या टेबलावर फळीच नाही. मुलगी पगारी आहे, आणि मी काही विकत घेतलं काय, न घेतलं काय, तिचा पगार तेवढाच.

याचा तोटाही आहे. ती पटकन उत्तर देत नाही. फोनवर "अमुक फवारा" असं ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे लोक अत्यंत कंटाळवाणे वाटतील. माझ्या शेजारणीला वाटलेच. तिच्या गुलाबांवर जपानी भुंगेरे पडले होते आणि तिला सापळा घ्यायचा होता. त्यांनी सांगितलं, सापळ्याच्या वासाने पकडले जातात त्याहून जास्त भुंगेरे तुमच्या अंगणात येतील, त्यापेक्षा सकाळी साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन हाताने पाडा. ती म्हणाली, एवढं ऐकायला मी वीस मिनिटं फोन धरून ठेवला होता? सापळा आणलाच. मग तिच्याकडचे भुंगेरे माझ्या द्राक्षवेलावर आले. (एकच वेल आहे. अण्णांच्या आठवणीचा. त्याबद्दल इथे नको.)

दुसरं काम मी त्यांच्याकडून करून घेतलं ते माती परीक्षणाचं. ते तर प्रत्येकाने करावं. प्रयोगशाळा विद्यापीठाची नाही, राज्याच्या कृषी खात्याची आहे, रालेला. पण नमुन्याचे पुठ्ठ्याचे छोटे डबे आणि फॉर्म काउंटीच्या या ऑफिसात मिळतात. एप्रिल ते नोव्हेंबर फुकट. डिसेंबर ते मार्च नमुन्यामागे ४ डॉलर, कारण तेव्हा सगळे शेतकरी एकदमच माती पाठवतात आणि प्रयोगशाळेत रीघ लागते. आपण घरगुती माणसांनी त्या गर्दीत कशाला घुसायचं? सप्टेंबरात पाठवावी, थंडीपर्यंत चुना घालून मोकळं.

मी पहिला नमुना घेतला तो जस्ताच्या पत्र्याच्या बादलीत. वाफ्यातल्या सात-आठ ठिकाणची सहा ते आठ इंच खोलवरची माती घेऊन बादलीत कालवली, डबा भरला, टेबलावर नेऊन ठेवला. "कशात मिसळली?" मी सांगितलं. तिने डबा हळूच माझ्याकडे परत सरकवला. मातीतलं जस्तही मोजतात, आणि मी ते बादलीतून फुकट पुरवलं होतं! घरी येऊन प्लॅस्टिकच्या टबात पुन्हा सगळं.

निकाल आला तो वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. आम्ही आठ वर्षं दर वसंतात 'दहा-दहा-दहा' (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) खताची पिशवी ओतत होतो, शेजारी ओततात म्हणून. अहवालात स्फुरदाचा निर्देशांक शंभराच्या बराच वर, आणि शिफारस शून्य. आठ वर्षांचा स्फुरद तिथेच साठून बसला होता. उलट सामू (पीएच) घसरलेला, ५.२. इथली लाल चिकणमाती मुळात आम्लधर्मी, तिला चुना हवा होता आणि आम्ही देत होतो खत. किती चुना घालायचा ते हजार चौरस फुटांना इतके पौंड, असं छापूनच येतं. माझा वाफा दोनशे चौरस फुटांचा, त्यामुळे भागाकार मला करावा लागला, पण तो माझा धंदाच आहे. एक मात्र ध्यानात ठेवा, या नेहमीच्या परीक्षणात नत्र मोजत नाहीत. पाऊस पडला की ते वाहून जातं, आजचा आकडा उद्या खोटा. पिकानुसार नत्र किती द्यायचं ते सांगतात.

आणि त्याच अंगणात अझेलिया आणि ब्लूबेरी असेल तर तिकडे हा चुना नेऊ नका. त्यांना आंबट मातीच लागते. मी दोन्हींचा एकच नमुना पाठवणार होते, तिने दोन डबे दिले.

मोठ्या शेतकऱ्यांचं काय चालतं ते मी गेल्या वर्षी एका फील्ड डेला पाहिलं. आपली शिवार फेरीच, फक्त ट्रॉलीऐवजी गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून ट्रॅक्टरने फिरवतात. तिथे मला एजंट आणि स्पेशालिस्ट यांतला फरक उमगला. एजंट काउंटीचा, त्याला टोमॅटोपासून हिरवळीपर्यंत सगळं बघायला लागतं. स्पेशालिस्ट विद्यापीठात बसतो आणि एकच पीक किंवा एकच विषय धरून पूर्ण राज्य सांभाळतो. कुणी फक्त स्ट्रॉबेरी, कुणी फक्त भाज्यांचे रोग, कुणी पश्चिमेच्या डोंगरातली नाताळची झाडं. एजंटला जे कळत नाही ते तो स्पेशालिस्टला विचारतो. स्पेशालिस्टला शेतात काय चाललंय ते एजंटकडून कळतं.

तिथे एक स्ट्रॉबेरीवाले आजोबा होते. ऑक्टोबरात काळ्या प्लॅस्टिकवर रोपं लावतात, एप्रिल-मेमध्ये फळ. फुलं येतात नेमकी दहिवराच्या दिवसांत. उमललेलं फूल ३० अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे गोठणबिंदूच्या किंचित खाली, दगावतं. त्यांनी एक पांढरंशुभ्र फूल खुडून माझ्या हातावर ठेवलं. वरून काही कळेना. मग त्यांनी नखाने मधला भाग दाखवला, पिवळ्याऐवजी काळा, मोहरीएवढा. "हे फळ मार्चच्या एका पहाटे गेलं," म्हणाले. पाकळ्या मात्र लग्नाला निघाल्यासारख्या टवटवीत.

अशा रात्री ते तुषार सिंचन चालू करतात. थंडीत पाणी! मला वेडेपणा वाटला. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या आत फूल गोठणबिंदूच्या जवळ टिकून राहतं. अट एवढीच, की सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी थांबता कामा नये. मधेच पंप बंद पडला, किंवा वारा कोरडा आणि जोरात असला, तर बाष्पीभवनाने उलट जास्त थंड होतं आणि होतं-नव्हतं ते जातं. म्हणून त्या रात्री पाणी चालवायचं, नुसतं कापड अंथरायचं, की काहीच न करता झोपायचं, हा निर्णय वारा, दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं दव होतं ते तापमान) आणि फुलांची अवस्था बघून घ्यायचा असतो. त्या दिवसांत स्पेशालिस्टकडून सल्ला येतो. आजोबा म्हणाले, "बायकोच्या फोनपेक्षा मी त्यांचा मेसेज आधी बघतो." बायको शेजारीच उभी होती.

रताळ्याचं श्रेयही याच विद्यापीठाला. अमेरिकेत सर्वांत जास्त रताळी या राज्यात होतात, आणि त्यांतली बहुतेक 'कोव्हिंग्टन' जातीची. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ती २००५ साली आणली आणि रताळ्यावर काम केलेले तिथलेच शास्त्रज्ञ हेन्री कोव्हिंग्टन यांचं नाव तिला दिलं. आतून केशरी, गोड, भाजल्यावर मऊसूत. शेतकऱ्याचं भलं झालं असेल, पण उपासाच्या किसाला ही जात कुचकामी आहे हे मी महाशिवरात्रीच्या अनुभवाने सांगते. किसायला गेलं की ठीक, परतायला गेलं की शिरा.

घरगुती प्रश्नांना बऱ्याचदा एजंट नव्हे, मास्टर गार्डनर उत्तर देतात. हे पगारी नसतात. विद्यापीठाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात निघाली, सिएटलच्या आसपास. शहरी लोकांचे प्रश्न इतके वाढले की एजंटला शेतकऱ्यांकडे बघायला वेळ उरेना, म्हणून हौशी माणसांना शिकवून टेबलावर बसवलं. आमच्या इथले एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचा आयुष्याचा एकच लढा आहे, लोकांनी हिवाळ्यात क्रेप मर्टलची मुंडकी छाटू नयेत. ते झाड म्हणजे आपल्या तामणीची चुलत बहीण. तिला कारण नसताना दर वर्षी खुंटासारखी छाटतात, आणि गाठी येऊन तिचं खोड कायमचं कुरूप होतं. मी त्यांना फोनवरून तामणीचा फोटो दाखवला, आमच्या महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून. खूप वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हिला कुणी छाटत नाही ना?"

आता कढीपत्ता. हे इथल्या प्रत्येक मराठी घराने वाचावं. माझी मैत्रीण फ्लोरिडात राहते, तिच्या अंगणात कढीपत्त्याचं रान आहे. ती नाताळात येणार होती, म्हणाली दोन रोपं गाडीत टाकून आणते. मी सहज ऑफिसात कुंडी किती मोठी घेऊ असं विचारायला गेले, आणि कुंडीचं राहिलं बाजूलाच. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर आशियाई सिट्रस सिला नावाची बारीक कीड पोसली जाते, आणि तीच कीड संत्र्यांच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग पसरवते. त्यासाठी सगळं फ्लोरिडा राज्य विलगीकरणाखाली आहे. तिथून असं रोप आपलं आपण उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला कायद्याने बंदी आहे. मी तीन वेळा विचारलं, एक छोटंसं रोप? नाही. मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती आधी हसली, मग गप्प झाली, कारण तिने आदल्या वर्षी दुसऱ्या कुणाला दिलं होतं. कुणाला ते लिहीत नाही.

ही झाली तारीफ. तक्रारीही लिहिते, नाहीतर वाटेल मी तिथे नोकरीला आहे.

आमच्या काउंटीच्या ऑफिसात एप्रिल-मेमध्ये ईमेलला उत्तर यायला मला एकदा नऊ दिवस लागले. नऊ दिवसांत काकडीचा वेल जन्माला येऊन मरू शकतो. फोन करावा, किंवा सरळ जावं. शनिवार-रविवार बंद, संध्याकाळी पाचला बंद. नोकरी करणाऱ्याने रजा टाकूनच जायचं. माहितीपत्रकं भरपूर आणि खरी, पण एकेक वाचताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. बागकामाचं त्यांचं जाडजूड हँडबुक मात्र इंटरनेटवर पूर्ण फुकट आहे. त्यातलं कंपोस्टचं प्रकरण मी दोनदा वाचलंय आणि तिसऱ्यांदा वाचेन.

आपल्या भाज्यांच्या बाबतीत आमचं ऑफिस अडखळतं. भेंडी त्यांना आपल्याहून चांगली कळते, ती इथलीही भाजी आहे. पण मेथी म्हटलं की बिया, मसाला, इथपर्यंतच. गवारीचं बी दाखवलं तर एजंट म्हणाली, "हे तेलविहिरींत वापरतात ना?" खोटं नाही ते, गवारीचा डिंक तिकडे जातोच. पण मला शेंगा कोवळ्या कशा ठेवायच्या ते हवं होतं. शेवटी मीच तिला सांगितलं, आणि तिने लिहून घेतलं. गवार पुढच्या खेपेला कुणी विचारली तर निदान एक पान तयार असेल. त्यात माझ्या आईंची (सासूबाईंची) रेसिपीही आहे, ती तिने मागितली नव्हती.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या नऊ दिवसांचा कापला.

जाणार असाल तर एवढं करा. झाड पूर्ण मेल्यावर नेऊ नका, मेलेल्या झाडावर बुरश्यांची जत्रा भरलेली असते आणि मूळ गुन्हेगार सापडत नाही. निम्मं आजारी, निम्मं बरं असं न्या, मुळं आणि थोडी माती धरून. पिशवीत पाणी शिंपडू नका, कुजतं. शक्यतो सोमवार-मंगळवारी न्या. नमुना रालेच्या रोगनिदान केंद्राला पाठवायचा झाला, तर शुक्रवारी दिलेला नमुना शनिवार-रविवार कुठेतरी खोक्यात उकडत बसतो. त्या तपासणीचं शुल्क वेगळं, ते आधी विचारून घ्या. फोटो तीन काढा: पूर्ण वाफा, पूर्ण झाड, एक पान. आपण फक्त पानाचा काढतो. आणि काय घातलं, काय फवारलं ते खरं सांगा. तिथे रागवत नाहीत.

माझ्या वाफ्याचं म्हणाल तर दोन उन्हाळे तिथे मकाच खाल्ला. कणसं इतकी झाली की शेजारणीलाही दिली, भुंगेऱ्यांचा राग गिळून. यंदा मार्चमध्ये पुन्हा घेवड्याच्या सहा कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या, या वेळी लिदीऐवजी वाफ्यातली माती घालून. पाच कुंड्यांत पानं सपाट आली. वाफ्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मातीची कुंडी मात्र अजून जराशी वाटीसारखी वळतेय, की मलाच तसं दिसतंय कळत नाही. तो कोपरा तेव्हा ढकलगाडी उलटायची जागा होती. फोटो पाठवला. या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: कुंडी घेऊन या, हातात घेऊन बघू. सोमवारी नेते आहे.